तानसात वनपिंगळा शोधायला जाण्याआधी: ओळख, पाहणी आणि ढोलीची झाडं

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाणे-मुलुंड भागातल्या हौशी पक्षीनिरीक्षकांचा एक छोटा गट येत्या थंडीत तानसा अभयारण्यात वनपिंगळा, म्हणजे फॉरेस्ट आउलेट, शोधायला जाणार आहे. हा पक्षी ओळखायचा कसा, कोणत्या वेळी आणि कसल्या जंगलात शोधायचा, मोबाइलवर त्याचा आवाज वाजवावा का, आणि सापडलाच तर ती नोंद त्याचं जंगल वाचवायला कशी उपयोगी पडेल, हे त्यांना हवं आहे. शिवाय गटातल्या एकाच्या कंपनीला सीएसआरमधून, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या निधीतून, तिथे झाडं लावायची आहेत. ती कुठे लावावीत?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकी सगळ्याची मेख त्यातच आहे. वनपिंगळ्यासाठी म्हणून झाडं लावणार असाल तर लावू नका. या पक्ष्याला रोपं कमी पडत नाहीत. कमी पडतात ती ढोली असलेली जुनी झाडं, आणि त्या झाडांच्या आसपासची गवताची, पाचोळ्याची, ऊन पडणारी जमीन. तुमच्या पाहणीत या दोन गोष्टी नीट टिपल्या गेल्या, तर पक्षी दिसला नाही तरी फेरी फुकट जात नाही. नुसता पक्ष्याचा फोटो मिळाला तर तो इन्स्टाग्रामपुरता.

मोकळी जमीन का, तर हा पिंगळा बराचसा जमिनीवर शिकार करतो. मेळघाटात झालेल्या अभ्यासात त्याच्या खाण्यात जवळपास ६० टक्के वाटा सरड्यांच्या जातकुळीचा, त्यातही मुख्यतः सापसुरळ्यांचा निघाला. उंदीर १५ टक्क्यांच्या आसपास, पक्षी अगदीच थोडे, बाकी टोळ-किडे आणि बेडूक. सापसुरळी उन्हाला येते आणि पाचोळ्यात शिरते. फांदीवर बसलेल्या पिंगळ्याला ती दिसायची तर खालची जमीन दिसायला हवी. झुडपांनी गच्च भरलेल्या रानात त्याला भक्ष्य असलं तरी ते हाती लागत नाही. म्हणून ‘जितकं दाट तितकं चांगलं जंगल’ हा शहरात पक्का बसलेला समज इथे उलटा पडतो. साग, ऐन, धावडा, मोह, सालई अशी पानगळीची झाडं, मधे मोकळ्या जागा, खाली गवत: त्याचं रान असं असतं.

आता थोडा इतिहास. तो सांगतो कारण चुकीच्या नोंदीने काय होतं हे याच पक्ष्याच्या बाबतीत सगळ्यात स्पष्ट दिसतं. ब्रिटिश पक्षीअभ्यासक ह्यूमने १८७३ मध्ये त्याचं वर्णन केलं. ब्लेविटने १८७२ मध्ये मिळवलेल्या नमुन्यावरून ते होतं, म्हणून शास्त्रीय नावात ब्लेविटाय आलं. पुढे डेव्हिडसनने खानदेशातून काही नमुने मिळवले. १८८४ नंतर मात्र काहीच नाही, एक अपवाद सोडून: १९१४ सालचा, गुजरातेतल्या मांडवीचा म्हणून नोंदलेला माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकारी-संग्राहकाचा नमुना. तो ताजा वाटल्याने शोध घेणाऱ्यांनी त्या दिशेने बरेच पाय झिजवले. पुढे उघड झालं की तो नमुना ब्रिटिश म्युझियममधून चोरून, पुन्हा भरून, खोटी चिठ्ठी लावलेला होता आणि मुळात डेव्हिडसनचाच होता. ती खोटी नोंद बाजूला काढून जुन्या खऱ्या ठिकाणांवर शोध झाला, तेव्हा २५ नोव्हेंबर १९९७ रोजी पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांना शहाद्याजवळ तो दिसला. म्हणजे ११३ वर्षांनी. त्यानंतर तळोदा, तोरणमाळ, यावल, मेळघाट, मध्य प्रदेशातला खंडवा-बुऱ्हाणपूर भाग अशी सातपुड्यातली ठिकाणं मिळत गेली. २०१४ मध्ये तो तानसात सापडला आणि मुंबईला पाणी पाजणाऱ्या जंगलाचा त्याच्याशी संबंध जुळला. आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संघटनेच्या यादीत तो २०१८ पर्यंत ‘अतिसंकटग्रस्त’ होता, आता ‘संकटग्रस्त’ आहे. नवीन ठिकाणं मिळाली म्हणून पायरी बदलली, जंगल वाढलं म्हणून नव्हे. एकूण प्रौढ पक्षी हजाराच्या आतच धरले जातात.

ओळखीकडे वळू, कारण नव्वद टक्के गडबड इथेच होते. तानसाच्या रानात तीन छोटे पिंगळे भेटू शकतात आणि त्यांतला वनपिंगळा सर्वांत विरळा. पहिला आपला नेहमीचा ठिपकेवाला पिंगळा, गावाशेजारी, वडा-चिंचेवर राहणारा. त्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके ठळक असतात, मानेमागे पांढरी पट्टी असते आणि छाती-पोट तपकिरी ठिपक्यांनी भरलेलं असतं. दुसरा जंगल आउलेट. तो आकाराने किंचित लहान, आणि डोक्यापासून पोटापर्यंत बारीक आडव्या रेघांनी विणलेला. डोक्यावरही रेघाच, ठिपके नाहीत. वनपिंगळा या दोघांहून थोडा मोठा, २३ सेंटिमीटरच्या आसपास, आणि अंगाने भरलेला. त्याचं डोकं जवळजवळ कोरं, करड्या-तपकिरी रंगाचं; असलेच तर अगदी पुसट ठिपके. छातीचा वरचा भाग सलग तपकिरी, कुशीला आडवे पट्टे, आणि पोटाचा मधला नि खालचा भाग स्वच्छ पांढरा. पंखांवर आणि शेपटीवर रुंद, ठसठशीत पांढरे पट्टे. पाय दाट पांढऱ्या पिसांनी झाकलेले, पंजे अंगाच्या मानाने मोठे, चोचही दणकट.

नुसतं ‘डोक्यावर ठिपके नाहीत’ एवढ्यावर नोंद करू नका. ठिपकेवाल्या पिंगळ्याच्या पिल्लाच्या डोक्यावरचे ठिपके पुसट असतात. शिवाय सकाळचं तिरकं ऊन थेट डोक्यावर पडलं की फोटोत ते जळून जातात. उलट प्रकाशात पोट काळं दिसतं आणि पांढऱ्या पोटाची खूणच हातातून जाते. म्हणून निदान तीन कोनांतून बघा: समोरून छाती आणि पोट, मागून मान आणि पंख, आणि कसंही करून शेपटी. मानेमागची पांढरी पट्टी ठळक असेल तर तो वनपिंगळा नाही, विषय तिथेच संपला. शेपटीवरचे रुंद पट्टे, कोरं डोकं आणि पांढरं पोट ही तिन्ही एकाच पक्ष्यात स्पष्ट दिसली तरच नाव लिहा. त्यांतली दोनच मिळाली तर ‘पिंगळा, अनिश्चित’ असं लिहा. अशा नोंदीत कमीपणा काही नाही.

वागणूकही मदत करते. वनपिंगळा दिवसा जागा असतो. थंडीच्या सकाळी उंच झाडाच्या निष्पर्ण शेंड्यावर उन्हाला बसतो, आणि खाली काही हललं की शेपटी डावी-उजवी झटकतो. दहा वाजल्यानंतर मात्र तो सुस्तावतो. आवाजाचं वर्णन कागदावर करणं अवघड. साधारण दोन स्वरांची, वर चढून चटकन उतरणारी, ओघवती हाक असते. ठिपकेवाल्याची चिरचिर-किचकिच किंवा जंगल आउलेटची आधी चढत आणि मग विरत जाणारी लांब माळ तशी नसते. आवाज शिकायचे तर या दोघांचे आधी शिका.

आणि त्यासाठी तानसाला जायची गरज नाही. जंगल आउलेट बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात हमखास मिळतो, ठिपकेवाला आरेत किंवा कोणत्याही गावठाणातल्या जुन्या झाडावर. दोघांचे समोरून, मागून, सावलीत, उन्हात, फुगून बसलेले असे भरपूर फोटो काढा आणि गटात एकमेकांना दाखवून नाव न सांगता ओळखायला लावा. जो गट जंगल आउलेट न चुकता ओळखतो, त्यालाच वनपिंगळा वेगळा कळतो.

थंडीत जायचं ठरवलंय ते बरोबरच. पावसाळ्यात गवत माजलेलं, पानं दाट, पक्षी दिसणं कठीण. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा बघण्याचा चांगला काळ. मात्र विणीचा हंगाम ऑक्टोबर ते मे असा लांबलचक आहे, म्हणजे तुमची फेरी कधीही असली तरी ती त्याच्या घरट्याच्या दिवसांतच पडणार. हे डोक्यात ठेवून वागायचं. सकाळी उजाडल्यापासून दहापर्यंत आणि दुपारी साडेतीनपासून सूर्यास्तापर्यंत फिरा, मधल्या वेळेत मोजमापं करा. मध्य रेल्वेने कसारा लोकल पकडून आटगावला उतरता येतं, तिथून तानसा तलाव १३-१४ किलोमीटर. पण पहाटेच्या पहिल्या लोकलने आलात तरी सकाळचा मोलाचा तास रस्त्यातच जातो. आदल्या रात्री शहापूर परिसरात मुक्काम करा.

परवानगीचं आधी बघा. तानसा हे अभयारण्य आहे, सुमारे ३२० चौरस किलोमीटरचं, शहापूर, वाडा आणि मोखाडा तालुक्यांत पसरलेलं. तलावाचा परिसर मुंबई महापालिकेचा, जंगल वन्यजीव विभागाचं. एकाची परवानगी दुसऱ्याला चालत नाही. वन्यजीव परिक्षेत्र कार्यालयात किमान दोन-तीन आठवडे आधी अर्ज द्या. त्यात नावं, तारखा, कोणत्या वाटांवर जाणार, काय मोजणार, आणि ‘आवाज वाजवणार नाही, काहीही गोळा करणार नाही’ हे स्पष्ट लिहा. असं लिहिलेला अर्ज सहसा लवकर हलतो. सोबत वनरक्षक किंवा गावातला वाटाड्या घ्या आणि त्याची दिवसाची मजुरी आधी ठरवून, न घासाघीस करता द्या.

चालण्याची पद्धत साधी. नकाशावर एक-दोन पायवाटा निवडा, त्यांवर दर ५०० मीटरला एक थांबा ठरवा. प्रत्येक थांब्यावर दहा मिनिटं गप्प बसायचं: पाच मिनिटं नुसतं ऐकायचं, पाच मिनिटं दुर्बिणीने निष्पर्ण शेंडे, वठलेल्या फांद्या आणि ढोलींची तोंडं तपासायची. ८×४२ ची दुर्बीण पुरे. कोतवाल, बुलबुल, शिंजीर एका जागी गोळा होऊन कलकलाट करत असतील तर तिकडे आधी बघा. दिवसा बसलेल्या पिंगळ्याला छोटे पक्षी असंच हैराण करतात, आणि हा कलकलाट पिंगळा दिसण्याआधीच लांबून ऐकू येतो. एका थांब्यावर दोघांपेक्षा जास्त माणसं नकोत. सहा जण एका रांगेत चालले तर पिंगळा तुम्हाला बघतो, तुम्ही पिंगळ्याला नाही.

मोबाइलवर आवाज वाजवणं: नको. सर्वेक्षण करणारे संशोधक परवानगी घेऊन, मोजून वाजवतात हे खरं आहे, आणि जानेवारी-फेब्रुवारीत प्रणयाच्या काळात पक्षी त्याला लगेच उत्तर देतो हेही खरं. घोळ तिथेच आहे. त्या दिवसांत मादी ढोलीत बसू लागली की तिचं पोट नर भरतो. पिल्लं निघाल्यावरही नर आणून देतो आणि मादी भरवते. आवाज वाजला की नराला वाटतं दुसरा नर हद्दीत शिरला. तो शिकार सोडून फांदीफांदीवर ओरडत फिरतो. आज तुम्ही, उद्या दुसरा गट, परवा तिसरा, सगळे त्याच वळणावर थांबून वाजवणार, कारण पत्ता एकच सगळ्यांकडे पोचलेला. उघड्यावर येऊन ओरडणारा पिंगळा शिक्र्यासारख्या शिकारी पक्ष्याच्याही नजरेत भरतो. तुमच्या गटाला ‘आहे की नाही’ एवढंच हवंय, ते शांत बसून एक-दोन सकाळी जास्त दिल्या तरी कळतं.

घरटं दिसलं तर काय करायचं तेही आधीच ठरवा, कारण ऐनवेळी उत्साह आवरत नाही. किमान ५० मीटर मागे सरा, झाडाच्या आडून दहा मिनिटं बघा, ढोलीचं तोंड कोणत्या दिशेला आहे ते लिहा आणि निघा. फ्लॅश नाही, ड्रोन नाही, ढोलीत डोकावणं नाही, समोरची फांदी फोटोसाठी बाजूला करणं तर अजिबात नाही. तीच फांदी ढोलीला सावली देत असते आणि आडोसाही. पिल्लं उडायला साधारण ३०-३२ दिवस लागतात, तेवढे दिवस त्या वाटेला जाऊ नका. वनपिंगळा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहे, आणि घरट्याला किंवा अंड्यांना त्रास देणं हेही त्या कायद्यात ‘शिकार’ या व्याख्येत बसतं.

आता मोजमापं. हौशी गट इथेच कंटाळतात, पण खरं काम हेच आहे. पक्षी ज्या झाडावर दिसला ते केंद्र धरा (घरट्याचं झाड सोडून, तिथे हे सगळं पिल्लं उडाल्यावर). १५ मीटरची दोरी घेऊन गोल आखा, म्हणजे साधारण ७०७ चौरस मीटर जागा होते. या गोलातली १२० सेंटिमीटरपेक्षा जास्त घेराची सगळी झाडं आणि सगळी उभी वठलेली झाडं मोजा. घेर छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून १.३७ मीटरवर घ्यायचा. उतारावर ही उंची वरच्या बाजूने धरायची, नाहीतर दोघांनी मोजलेले आकडे जुळत नाहीत. झाडाचं नाव स्थानिक भाषेत लिहा आणि पानाचा नि सालीचा फोटो जोडा. वाटाड्याने ‘शिमटी’ म्हटलं तर शिमटीच लिहा, अंदाजाने इंग्रजी नाव ठोकू नका.

प्रत्येक झाडावर ढोली किती, कोणत्या दिशेला तोंड, किती उंचीवर, हे टिपा. उंचीसाठी यंत्र नको. हात सरळ लांबवून काठी उभी धरा, अशी की मुठीच्या वरचा भाग डोळ्यापासून मुठीपर्यंतच्या अंतराएवढा असेल. मग मागे सरकत जा, जोवर मुठीची वरची कड बुंध्याशी आणि काठीचं टोक ढोलीशी जुळत नाही. आता तुमच्यापासून बुंध्यापर्यंतचं अंतर मोजा, तीच ढोलीची उंची. मागे सरताना उतारावरून खाली जाऊ नका, आडवं सरका. खाली गेलात तर आकडा चुकतो.

ढोल्यांबद्दल एक लक्षात ठेवा. वनपिंगळा स्वतः ढोली कोरत नाही. तो सुतारपक्षी आणि तांबट-कुर्टूक यांनी कोरलेल्या, किंवा फांदी मोडून कुजलेल्या जागी बनलेल्या ढोलीवर अवलंबून असतो. रोहणसारख्या झाडांत त्याची घरटी मिळाली आहेत. तरुण सागाची काठीसारखी सरळ झाडं कितीही असली तरी त्यात ढोली मिळत नाही. त्यामुळे कागदावर ‘सागाचं चांगलं जंगल’ असलेली जागा पिंगळ्यासाठी रिकामी असू शकते. ज्या थोड्या ढोल्या असतात त्यांवर पोपट, साळुंकी, ठिपकेवाला पिंगळा, खारी आणि मधमाश्या यांचाही डोळा असतो. म्हणून ढोलीत सध्या कोण आहे हेही लिहा.

झाडांच्या छत्राची दाटी मोजायला पुठ्ठ्याची नळी पुरते. मध्यभागापासून चार दिशांना चालत जा, दर तीन मीटरला थांबून नळीतून सरळ वर बघा: पान दिसलं की आभाळ. प्रत्येक दिशेला पाच, एकूण २० नोंदी, प्रत्येक ‘पान’ म्हणजे पाच टक्के. इथे सर्रास होणारी चूक अशी की कोणी ऑक्टोबरात मोजतं, कोणी मार्चमध्ये, आणि दोन्ही आकडे शेजारीशेजारी ठेवतात. पानगळीचं जंगल मार्चमध्ये उघडं पडतं. तीच जागा, तीच झाडं, पण कागदावर जंगल निम्म्याहून कमी झालेलं दिसतं. कोणी हा कागद घेऊन ‘विरळ, निकृष्ट वन’ म्हणून मोकळा होतो. तारीख लिहा आणि झाडांना पानं होती की नव्हती तेही.

मग असाच गोल आणखी दोन ठिकाणी आखा, पक्ष्याच्या जागेपासून २०० मीटरवर, दिशा चिठ्ठी काढून ठरवा. मनाने निवडलीत तर सोपी वाट नि सावलीच निवडाल. हे दोन गोल नसतील तर पहिल्याचा अर्थ लागत नाही: पिंगळ्याच्या झाडाभोवती चार वठलेली झाडं होती, हे जास्त की कमी? बाजूला शून्य असतील तर जास्त. सगळीकडे चार असतील तर त्यात विशेष काही नाही.

गावकऱ्यांना विचारताना फोटो दाखवून ‘हा दिसतो का?’ असं विचारू नका. पाहुण्याला बरं वाटावं म्हणून ‘हो’ येतं. ‘दिवसाउजेडी कुठला पिंगळा बसलेला दिसतो, आणि कुठल्या झाडावर?’ असं विचारा. ठाकर, वारली, कातकरी आणि महादेव कोळी वस्त्यांतल्या मध, डिंक, मोह गोळा करणाऱ्या माणसांना कोणत्या झाडाला कुठे ढोली आहे ते पाठ असतं. पिंगळ्याबद्दल अपशकुनाच्या समजुती आहेत, त्यांवर तिथे भाषण झोडायची गरज नाही. तो उंदीर खातो, भाताच्या खळ्याला त्याचा फायदाच आहे, एवढं बोलणं पुरतं.

जंगल कमी होतं कशाने, हे तुमच्या फॉर्ममध्ये रकाना करून टिपा. वणवा पहिला. फेब्रुवारीपासून लागणारी आग पाचोळा जाळते, सापसुरळ्या आणि टोळ संपतात, तेही ऐन पिल्लांच्या दिवसांत. आणि बुंध्याशी पोकळ झालेलं जुनं झाड आगीत धुराड्यासारखं आतून पेटतं. वरून हिरवं दिसणारं झाड दोन दिवसांनी कोसळतं, ढोलीसकट. बऱ्याच आगी मोहाची फुलं वेचायला झाडाखालचा पाला जाळण्यातून पसरतात. तिथे जाळी किंवा जुन्या साड्या अंथरल्या तर फुलं स्वच्छ मिळतात आणि जाळायची गरज राहत नाही. दुसरं, भाताच्या राबासाठी, म्हणजे रोपवाटिकेची जमीन भाजायला, ऐन वगैरेंच्या फांद्या छाटणं. हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे आणि एकट्या यावर बोट ठेवणं अन्यायाचं होईल. छाटलेलं झाड निदान उभं राहतं. सरपणासाठी आणि ‘साफसफाई’ म्हणून वठलेलं झाड उचललं जाणं मात्र पिंगळ्याला थेट बेघर करतं.

आणि मोठे घाव वेगळेच. तानसा धरण १८९२ चं, मोडकसागर १९५७ चं. पाणलोट म्हणून हे जंगल राखलं गेलं, त्यामुळे मुंबईच्या पाण्याने ते वाचवलंही आहे. आता त्याच अभयारण्यात वाडा तालुक्यात ओगदे इथे महापालिकेचा गारगाई धरण प्रकल्प येऊ घातला आहे, रोज ४४ कोटी लिटर पाण्यासाठी. मध्यंतरी तो बाजूला पडला होता, पुन्हा पुढे आला. बाधित झाडांचा आकडा लाखांच्या घरात आहे. बदली वृक्षारोपण कागदावर झाडास झाड मोजतं, पण ढोलीचा मोह आणि हातभर रोप यांची बरोबरी पिंगळ्याच्या हिशोबात कुठल्याच दराने होत नाही. अशा प्रकल्पाच्या अहवालांत पक्ष्यांची यादी असते, ढोलींच्या झाडांची मोजणी सहसा नसते. तुमचे गोल तिथे कामाला येतात. हरकती मागवल्या गेल्या की ‘दुर्मिळ पक्षी आहे हो’ या पत्रापेक्षा झाडाचं नाव, घेर, ढोली आणि स्थान असलेला तक्ता जास्त वजनाचा ठरतो.

आता कंपनीचे पैसे. पावसाळ्यातल्या एखाद्या शनिवारी बस भरून येऊन जे खड्डे भरले जातात, ते नेमके मोकळ्या गवताळ तुकड्यांत असतात, कारण तिथेच खणायला सोपं जातं. म्हणजे पिंगळ्याची शिकारीची जमीनच झाडांखाली जाते, चर खणून सापसुरळ्यांचं घर उलथलं जातं, आणि बहुतेक रोपं पहिल्याच उन्हाळ्यात जळतात. तेच पैसे चार महिने वणवा राखणाऱ्या गावच्या माणसांच्या मजुरीला द्या. फेब्रुवारी उजाडायच्या आत जाळरेषा, म्हणजे आग अडवणारे मोकळे पट्टे, साफ करायला, आगविझवणीच्या ब्लोअरला, मोहाखालच्या जाळ्यांना, सरपण वाचवणाऱ्या चुलींना द्या. जुनी नि वठलेली झाडं क्रमांक घालून राखण्यासाठी वनविभागाशी बोला. झाडं लावायचीच असतील तर अभयारण्याबाहेर, गावाच्या पडीक बांधावर, मोह, ऐन, रोहण, काकड, सावर अशी लावा आणि तीन वर्षं पाणी-राखण बघा. घरट्याच्या लाकडी पेट्यांचा उपाय पुष्कळांना आवडतो, फोटोतही छान दिसतो. पेटीत आधी साळुंकी शिरते किंवा मधमाश्या पोळं करतात, आणि दरवर्षी साफ न केलेली पेटी किड्यांनी भरते. जिथे भक्ष्य आहे पण ढोल्या नाहीत हे मोजून सिद्ध झालंय, तिथेच पेटीचा विचार करावा, तोही वनविभाग आणि अभ्यासकांच्या हाताखाली.

नोंद कुठे द्यायची: पहिली प्रत परिक्षेत्र कार्यालयात, अचूक अक्षांश-रेखांशासह, फेरीनंतर आठवड्याच्या आत. सार्वजनिक ठिकाणी टाकताना स्थान फक्त ‘तानसा अभयारण्य’ एवढंच ठेवा, आणि फोटो टाकण्यापूर्वी त्यातली जीपीएसची माहिती काढून टाका. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवलेल्या फोटोत ती तशीच जाते. शेवटी, रिकाम्या हाताने आलेल्या फेरीचाही फॉर्म भरा: कोणती वाट, किती थांबे, किती वाजता, हवा कशी होती, कोणते दुसरे पिंगळे दिसले. एकाच वाटेवर सलग तीन थंड्यांत न दिसण्याच्या नोंदी असतील, आणि त्याच वाटेवरची ढोलीची झाडं दरवर्षी कमी होताना त्याच फॉर्ममध्ये दिसत असतील, तर तो तक्ता परिक्षेत्र अधिकाऱ्यासमोर ठेवता येतो.